तीन वर्षं नुसती पानं! ऑर्किडला फूल का येत नाही?

उगाचच

नमस्कार मंडळी. बागकामाच्या धाग्यांवर आजवर नुसती वाचक होते, आज अगदीच राहवेना म्हणून लिहितेय.

माझ्याकडे एक फॅलेनॉप्सिस आहे, तेच ते पांढऱ्या पाकोळ्यांसारख्या फुलांचं. घरी आलं तेव्हा दोन दांड्यांवर मिळून तेरा फुलं होती आणि ती चांगली अडीच महिने टिकली. त्याला आता तीन वर्षं झाली. फूल सोडा, दांड्याचाही पत्ता नाही. बरं, झाड आजारी म्हणावं तर तसंही नाही. पानं काळीभोर हिरवी, वीतभराहून लांब, दर रविवारी ओल्या फडक्याने पुसते मी. येणारे-जाणारे म्हणतात, काय छान ठेवलंय. मला मात्र ते आता मुक्काम न हलवणाऱ्या पाहुण्यासारखं वाटायला लागलंय.

ठेवलंय पुस्तकांच्या फडताळावर, पूर्वेच्या खिडकीपासून साधारण सहा फुटांवर. पाणी दिवसाआड अर्धी वाटी. खत म्हणाल तर 'फुलांसाठी' म्हणून मिळतं ते, स्फुरद (फॉस्फरस) जास्त असलेलं, महिन्यातून दोनदा. खोलीचं तापमान रात्रंदिवस २७-२८ च्या आसपास. आतली कुंडी पारदर्शक प्लास्टिकची आहे, ती चिनी मातीच्या एका शोभेच्या कुंडीत बसवलीय.

शिवाय एक डेंड्रोबियम आहे, तेही ऑर्किडच, उभ्या काड्यांचं. त्याची तऱ्हा निराळी. काडीच्या पेरांवर काहीतरी फुगतं, मी आठवडाभर हुरळून जाते, आणि मग त्यातून निघतात पानं, पानांखाली मुळं. कळ्यांच्या जागी पिल्लं. पाळणाघर झालंय नुसतं.

काय चुकतंय?

गच्चीवाला

खत बदलून बघा. स्फुरद आणखी जास्त असलेलं मिळतं. आणि आठवड्यातून एकदा कुंडीत बर्फाचे तीन खडे ठेवायचे, थंडी वाजली की झाड फुलावर येतं असं वाचलंय. ऑर्किड मी स्वतः केलेलं नाही, गुलाबवाला माणूस आहे.

साल आणि कोळसा

उगाचच ताई, उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे, फक्त तुम्ही ते कौतुक म्हणून लिहिलंय: 'काळीभोर हिरवी पानं'.

ऑर्किडच्या पानाचा रंग बघून उजेडाचा हिशोब कळतो. उजेड कमी पडला की झाड पानात हरितद्रव्य ठासून भरतं, पान लांब आणि लेचंपेचं होतं. मिळेल तेवढा उजेड गोळा करायचा असतो त्याला. आपल्याला वाटतं काय तजेला आहे! ते बिचारं हात पसरून बसलेलं असतं. फॅलेनॉप्सिसचं पान कोवळ्या गवताच्या रंगाचं हवं, जरासं पिवळटपणाकडे झुकणारं. कडेला जांभळट झाक आली तर उजेड भरपूर आहे, कदाचित थोडा जास्तच.

हे मला कुणी शिकवलं नाही, अपघाताने कळलं. माझं पहिलं फॅलेनॉप्सिस दोन वर्षं असंच ढिम्म बसून होतं. मग घराचं रंगकाम निघालं. सामान हलवताना ते झाड मी जिन्यातल्या पूर्वेच्या खिडकीत ठेवलं, चार दिवसांसाठी म्हणून. रंगकाम कसं चालतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. चाराचे वीस झाले आणि पुढे तर मी झाड साफ विसरले. थंडीचे दिवस, त्या खिडकीची एक काच फुटलेली, रात्रभर गार वारा थेट आत. दीडेक महिन्याने जिना झाडताना बघते तर पानांवर धुळीचा थर, खालची दोन पानं सुरकुतलेली, आणि वरून तिसऱ्या पानाच्या बगलेतून बोटभर दांडा बाहेर आलेला! दोन वर्षं मी मायेने जे जे करत होते त्यातलं काहीही त्याला दीड महिना मिळालं नव्हतं. हसावं की रडावं कळेना.

त्याला मिळाल्या होत्या दोनच गोष्टी, उजेड आणि गारवा.

आधी गारव्याचं सांगते, कारण तुमची खरी गाठ तिथे आहे. फॅलेनॉप्सिसच्या दांड्याचा डोळा पानाच्या बगलेत झोपलेलाच असतो. तो जागा व्हायला तापमान साधारण २५ च्या खाली यावं लागतं, तेही एक-दोन रात्री नाही, चार-सहा आठवडे. २८ च्या वर राहिलं तर झाड मजेत पानं काढत बसतं. मोठ्या हरितगृहांतून तर हेच मुद्दाम करतात. रोपं २८ च्या आसपास उबेत वाढवायची म्हणजे अवेळी दांडा येत नाही, आणि पुरेशी मोठी झाली की विशीच्या आसपासच्या गार घरात हलवायची. मग सगळी एकदम फुलावर. तुमच्या खोलीत तीन वर्षं या कार्यक्रमाचा पहिलाच अंक चालू आहे.

उजेडाचं: मोबाइलमध्ये लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजायचं ॲप टाका. अगदी काटेकोर नसतं, पण अंदाज येतो. फॅलेनॉप्सिसला भर दिवसा दहा ते पंधरा हजार लक्स मिळाले तर उत्तम. ॲप नको असेल तर दुपारी पानाच्या वर फूटभरावर हात धरा. सावलीच पडली नाही तर ती जागा ऑर्किडची नव्हे. बोटांच्या कडा मऊ, पुसट दिसल्या तर ठीक. कडा सुरीसारख्या धारदार दिसल्या तर पान भाजेल. पान भाजतंय का हे बोट लावूनच कळतं. हाताला गरम लागलं की मागे सरकवायचं, डाग पडायची वाट बघायची नाही, कारण तो डाग पान गळेपर्यंत जात नाही.

खताबद्दल माझं मत ऐकून गच्चीवाला रागावणार नाहीत अशी आशा. फुलावर यायचं की नाही हे झाड स्फुरदाच्या चमच्यावर ठरवत नाही. साधं समतोल खत, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं, २०-२०-२० वगैरे, डब्यावर लिहिलेल्याच्या पाव मात्रेत, आठ-दहा दिवसांनी एकदा. महिन्यातून एकदा नुसतं पाणी भरपूर ओतून साचलेले क्षार धुऊन काढायचे. एवढं पुरतं. बर्फाने झाड मरत नाही म्हणा, पण दांडाही येत नाही. ती पाणी मोजून द्यायची युक्ती आहे, गारव्याशी तिचा संबंध नाही.

आणि ताई, दिवसाआड अर्धी वाटी वाचून माझ्या पोटात गोळा आला. ती शोभेची कुंडी बाजूला करा आणि आत काय दिसतं ते इथे लिहा.

उगाचच

बाजूला केली. लिहायला लाज वाटतेय.

चिनी मातीच्या कुंडीला भोकच नाही. तळाशी दोन बोटं पाणी साचलेलं, वर तवंग, ओल्या पोत्यासारखा वास. प्लास्टिकच्या कुंडीतली खालची मुळं तपकिरी. एक चिमटीत धरून ओढलं तर वरचं सालपट मोज्यासारखं निघून हातात आलं आणि आत नुसता दोरा उरला. वरची चार-पाच मुळं मात्र टणक आहेत, एक तर कुंडीबाहेर हवेत लोंबतंय, त्याला मी कापावं की काय म्हणून मागच्याच महिन्यात कात्री घेऊन बसले होते.

लक्स मोजले. फडताळावर ५८०. खिडकीच्या कट्ट्यावर सकाळी दहाला ११,४००. मी दोनदा मोजले, वाटलं ॲप बिघडलंय. माझ्या डोळ्यांना दोन्हीकडे उजेड सारखाच वाटतो हो!

साल आणि कोळसा

डोळा फसतोच, बुबुळ आपलं लहान-मोठं होत राहतं. पानाला ती सोय नाही.

लाज कसली, आम्ही सगळेच त्या वासातून गेलोय. हवेत लोंबणाऱ्या मुळाला कात्री लागली नाही हे चांगलं झालं. ही झाडं मुळात जंगलात फांद्यांना धरून राहणारी, मातीत राहणारी नव्हेत. त्यांच्या मुळांवर स्पंजासारखं पांढुरकं आवरण असतं. पाणी मिळालं की ते क्षणात शोषतं आणि मूळ हिरवं दिसतं, वाळलं की पुन्हा चंदेरी. म्हणून तर कुंडी पारदर्शक. सगळी मुळं चंदेरी झाली की पाणी, हिरवी असताना नाही. वार बघून पाणी द्यायचं नाही.

आता कुजलेली मुळं टणक भागापर्यंत कापा, कात्री आधी ज्योतीवर धरून घ्या. कुंडीत मातीऐवजी भरलेली झाडाची जुनी साल हाताने चुरून बघा, मातीसारखी झाली असेल तर फेकून द्या. दोन वर्षांत ती कुजतेच आणि मग मुळांना हवा मिळत नाही. नवी जाड साल, थोडा कोळसा, आणि कुंडी मुळांच्या मानाने बेताची. मोठी कुंडी घ्यायचा मोह टाळा. चार-पाच दिवस पाणी नको, कापलेल्या जागा सुकू देत. पाणी घालताना मधल्या पानाच्या खोबणीत साचलं तर टिपून घ्या, तिथून कुजलं तर झाडच जातं.

मग पूर्वेच्या कट्ट्यावर. पण एकदम नको. तीन वर्षं अंधारात राहिलेलं पान आहे, आठ दिवस पातळ पडद्याआड ठेवा. आणि थंडी सुरू झाली की रात्री खिडकी उघडी. दिवस-रात्रीत पाच-सहा अंशांचा फरक पडला की काम झालं.

अर्धवट माहितीवाला

वरचं सगळं पटलं, एका गोष्टीखेरीज. 'रात्र गार हवी' असं सगळीकडे म्हणतात, मीही तेच धरून होतो. पण मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये फॅलेनॉप्सिसच्या संकरित जातींवरचं काम छापलं, त्यात उलट निघालं. दिवसाचं तापमान २९ ठेवलं तर रात्री १७ पर्यंत उतरवूनही दांडे धरले नाहीत. दिवस गार असेल तर मात्र धरतात, रात्री खास फरक नसला तरी. म्हणजे दिवस-रात्रीच्या फरकापेक्षा दिवस उष्ण नसणं महत्त्वाचं. ताईंनी रात्री खिडकी उघडली आणि दिवसा खोली २८ वरच राहिली तर पुढच्या वर्षी हाच धागा वर येईल.

साल आणि कोळसा

घ्या! वीस वर्षं मी लोकांना रात्रीचं सांगतेय. पण विचार केला तर जिन्यात दिवसाही गारच असायचं, ऊन येत होतं ते सकाळचं दोन तास. मग कुणामुळे दांडा आला हे मी कुठे तपासलं होतं? मान्य. ताई, दिवसाही २५ च्या आत राहील अशी जागा बघा, रात्रीची खिडकी जमली तर बोनस.

असंच एक भाबडं उदाहरण मला आवडतं म्हणून सांगते, विषयाला थोडं सोडून. डेंड्रोबियम क्रुमेनाटम नावाचं एक ऑर्किड आहे. त्याच्या कळ्या बारीक होऊन थांबून राहतात. पावसाच्या सरीने हवा एकदम पाच-सहा अंशांनी उतरली की त्या पुन्हा वाढायला लागतात आणि नवव्या दिवशी त्या भागातली सगळी झाडं एकाच सकाळी फुलतात. दिवसभर टिकतात, संपलं. म्हणजे थर्मामीटर झाडांकडेही असतो, फक्त प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या.

उगाचच

कुंडी बदलली. सोळा मुळांपैकी सहा उरली. झाड आता टक्कल केल्यासारखं दिसतंय. डेंड्रोबियमचं पण सांगा ना कुणीतरी.

अर्धवट माहितीवाला

आधी हे सांगा, घरी आलं तेव्हा फुलं काडीच्या टोकाहून निघालेल्या लांब दांड्यावर होती की काडीच्या अंगालाच, पेरापेरावर दोन-दोन तीन-तीन चिकटलेली?

उगाचच

अंगालाच, वरपासून खालपर्यंत. काडी दिसतच नव्हती.

अर्धवट माहितीवाला

मग ते नोबिले जातकुळीचं. याला खरोखरच हिवाळी विश्रांती लागते. काडी पूर्ण वाढली, टोकाला शेवटचं छोटं पान आलं की खत बंद, विशेषतः नत्र. पाणी इतकंच की काडी फार सुरकुतू नये. आणि काही आठवडे रात्री १०-१५ अंश, शिवाय ऊन भरपूर. या काळात ऊब, पाणी आणि नत्र चालू राहिलं की पेरावरचा तोच डोळा कळी व्हायचा सोडून रोप होतो. तुमचं पाळणाघर तिथून आलं. कळ्या शेंगदाण्याएवढ्या दिसल्याशिवाय पाणी वाढवू नका.

टोकाहून दांडा येणारी जी दुसरी डेंड्रोबियम असतात त्यांना ही थंडी नको असते, त्यांना कडक उजेड हवा. नावावरून जाऊन दोघांना एकच वागणूक दिली की एक तरी रुसतं.

साल आणि कोळसा

आणि पानं झडलेल्या जुन्या काड्या कापू नका! मी कापल्या होत्या. सगळ्या. 'वाळलेलं काढून टाकावं' या स्वच्छतेच्या झटक्यात सात काड्या. नोबिले त्याच निष्पर्ण काड्यांवर फुलतं हे मला कचऱ्याची बादली रिकामी झाल्यावर कळलं. हिरवी, भरीव काडी म्हणजे झाडाची शिदोरी. पिवळी पडून पोकळ होईल तेव्हाच काढायची.

गच्चीवाला

वाचतोय. रागावलो नाही. गुलाबाचं विचारा कधीतरी, तिथे माझं चालतं.

उगाचच

चार महिन्यांनी धागा वर काढतेय.

झाड पूर्वेच्या कट्ट्यावर आहे. मधली दोन नवी पानं आली ती आखूड आणि उभी, रंग पोपटीकडे झुकणारा. जुनी काळी पानं शेजारीच असल्यामुळे फरक एका झाडावर दिसतो. तीन नवी मुळं आली. त्या खोलीत दिवसा सध्या २१ ते २४, रात्री १७-१८. महिना झाला असेल.

आणि काल पाणी घालताना वरून तिसऱ्या पानाच्या खाली एक हिरवा फुगवटा दिसला. तांदळाच्या दाण्याएवढा. मागच्या महिन्यात असंच काहीतरी दिसलं होतं तेव्हा मी घरभर नाचले आणि ते मूळ निघालं. त्यामुळे आता कुणाला सांगितलं नाही, आधी इथेच लिहितेय. मूळ की दांडा?

साल आणि कोळसा

टोक बघा. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, ओलं असल्यासारखं चकचकीत, आणि लवकरच त्याच्या मागे पांढुरका थर चढायला लागतो. दांड्याचं टोक गोल नसतं. जरा चपटं, एका बाजूला खाच असल्यासारखं. लहान बाळाचा बोटं नसलेला हातमोजा आठवा, अंगठा तेवढा वेगळा. दांडा उजेडाकडे चढतो, मूळ कुठेही भटकतं. भिंग असेल तर उत्तम.

उगाचच

भिंग घेऊन बसले. खाच आहे! एका बाजूला स्पष्ट खाच आहे आणि त्यावर छोटं खवल्यासारखं आवरण. अंगठा दिसतोय!

साल आणि कोळसा

मग दांडाच. अभिनंदन, आता धीर धरा. पहिली कळी उमलेपर्यंत तीन महिने सहज जातील. या काळात झाडाची जागा बदलू नका. कळ्या धरल्यावर शेजारी पिकणारी फळं ठेवू नका, त्यांच्यातून इथिलीन वायू सुटतो आणि कळ्या पिवळ्या पडून गळतात. पंख्याचा झोत नको, कोरडी गरम हवा नको. दांडा वीतभर झाला की काठीला सैल बांधा, कोवळा असताना वाकवायला जाल तर कटकन मोडेल, आवाज अजून माझ्या कानात आहे.

फुलं गळून गेल्यावर दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापला तर कधी कधी आणखी फाटा फुटतो. पण तुमचं झाड सहा मुळांवरून उठलंय, यंदा दांडा मुळापासून काढा आणि त्याला दम खाऊ द्या.

आणि मुख्य म्हणजे कुंडी फिरवू नका. दांडा उजेडाकडे बघून वाढतो, सारखी दिशा बदलली की नागमोडी होतो आणि फुलं वाटेल तिकडे तोंडं करून उभी राहतात.

उगाचच

सकाळपासून फोटोसाठी दोनदा फिरवली. आता काचेच्या बाजूला कुंडीवर खडूने फुली मारून ठेवलीय.